तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्या वेळी त्यातली सगळ्यांत कामाची ओळ माझ्याही नजरेतून निसटली, तुमच्या मेकॅनिकच्याही निसटली असावी. आधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच सांगता येईल.

तुम्ही देवासचे. काकांबरोबर भागीदारीत जुनी वीस टनी पोकलेन घेतलीत, आणि क्षिप्रेच्या अलीकडे कॉलनीच्या ड्रेनेजचं खोदकाम धरलंत. दहा दिवसांपूर्वी चालत्या मशीनवर बजर वाजला आणि स्क्रीनवर चार कोड आले: १००-४, १०२-४, १५७-४ आणि ३५०९-४. तेव्हापासून रेस १४०० आरपीएमच्या वर जात नाही, बूम उचलताना इंजिन दबतं. मेकॅनिकने आधी ऑइल प्रेशरचा सेन्सर बदलला. फरक नाही. मग रेल प्रेशरचा बदलला. तरीही नाही. आता तो म्हणतो ईसीएम (इंजिनाचा कंट्रोलर, म्हणजे त्याचा छोटा कॉम्प्युटर) गेलं, दुसरं मागवा. चौथ्या कोडबद्दल विचारलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, "त्या नावाचा पार्टच येत नाही, तो सोडून द्या."

ही शेवटची ओळ मी पहिल्या वाचनात सोडली होती. तुमचा सगळा गुंता तिथेच आहे. कोडची यादी आपण किराण्याच्या यादीसारखी वाचतो: ज्याचं नाव आलं ते दुकानातून आणायचं. ज्या नावाची वस्तू दुकानात मिळत नाही, ती यादीतून खोडायची. आणि खोडली गेली तीच खरी तक्रार होती.

मी इंदूरला राहतो आणि सव्वीस वर्षं याच धंद्यात आहे. सुरुवात देवास नाक्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये झाली. तेव्हा इंजिनाला एक सोलेनॉइड आणि दोन गेज यांपलीकडे वीज ठाऊक नव्हती. धूर काळा की पांढरा, यावरून उस्ताद सांगायचे काय झालंय ते. आता पहाटे ऑपरेटरचा फोन येतो, "भिया, कोड आ गया." म्हणजे पोह्यांची प्लेट हातात असतानाच कामाला सुरुवात. चाकांच्या बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून सीईव्ही स्टेज ४ चे आणि जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ चे धुराचे नियम लागू झाल्यापासून असे फोन वाढलेत, कारण नियम पाळायचे तर इंजिनावर सेन्सर वाढतात आणि सेन्सर वाढले की वायरी वाढतात.

तुमची मशीन मी पाहिलेली नाही. मॉडेल, साल, इंजिन कोणतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. कोणत्या वायरीचा रंग कोणता, कोणते सेन्सर कोणत्या सप्लायवर आहेत, हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं, आणि ते त्याच मशीनच्या वायरिंगच्या नकाशावरूनच कळतं. म्हणून "अमुक वायर कापा" असं मी सांगणार नाही. पण चार कोड ज्या प्रकारे एकत्र आलेत, त्यावरून शोध कुठून सुरू करायचा ते मात्र छातीठोकपणे सांगतो.

आधी त्या जोडनंबराबद्दल. हे कोड जे१९३९ नावाच्या पद्धतीचे आहेत. ट्रक, जनरेटर, पोकलेन, ग्रेडर, सगळीकडे तीच भाषा चालते, निदान इंजिनाच्या बाबतीत. पहिला आकडा एसपीएन, म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे. १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर, १०२ म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधलं हवेचं प्रेशर, ज्याला आपण बूस्ट म्हणतो, ११० कूलंटचं तापमान, १५७ रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल वाटणाऱ्या जाड पाइपातलं, डिझेलचं प्रेशर. दुसरा आकडा एफएमआय, म्हणजे तक्रार कोणत्या जातीची आहे. मेकॅनिक मंडळी पहिला आकडा पाहून धावतात. मी दुसरा आधी पाहतो.

याचं कारण बघा. १००-१ आणि १००-४ या दोन्हींच्या पुढे स्क्रीनवर "इंजिन ऑइल प्रेशर" असंच लिहून येईल. पण १ चा अर्थ असा: सेन्सर ठणठणीत आहे, तो जे सांगतोय ते मला पटतंय, आणि ऑइलचं प्रेशर खरोखर धोक्याच्या खाली गेलंय. अशा वेळी इंजिन तत्क्षणी बंद करायचं, ऑइलची कांडी पाहायची, साधं मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजायचं, आणि तोवर किल्लीला हात लावायचा नाही. ४ चा अर्थ वेगळा: सिग्नलच्या वायरीवर जितके व्होल्ट यायला हवेत त्याहून कमी आले. ऑइलबद्दल कंट्रोलर इथे काहीच बोलत नाहीये, तो वायरीबद्दल बोलतोय. कमिन्स इंजिनांवर याच दोन गोष्टींना ४१५ आणि १४१ असे वेगळे नंबर आहेत, त्यामुळे तिथे घोटाळा कमी होतो. बाकी ठिकाणी नाव एकच दिसतं आणि माणूस फसतो.

दुसऱ्या आकड्यांचे ढोबळ गट असे करा. ०, १, आणि १५ ते १८ आले तर मोजलेली गोष्टच खरोखर जास्त किंवा कमी आहे. आधी यंत्र तपासा, सेन्सर नंतर. ३ म्हणजे व्होल्ट जास्त, ४ म्हणजे व्होल्ट कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा वायर तुटलेली, ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर अर्थला टेकलेली. हा सगळा विजेचा मामला. २ म्हणजे सिग्नल मधूनच वेडावाकडा येतोय, बहुतेक ढिला कपलर, म्हणजे वायरी जोडणारा खटक्याचा प्लग. ७ म्हणजे कंट्रोलरने हुकूम दिला पण यंत्र हललं नाही. ९ आणि १९ म्हणजे एका कंट्रोलरची बातमी दुसऱ्याकडे नीट पोचत नाही. आणि ३१ म्हणजे "असं झालंय" एवढंच. त्या कोडचा अर्थ पुस्तकात पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता तुमची यादी पुन्हा पाहा. चारही ठिकाणी ४. ऑइलचा सेन्सर इंजिनाच्या एका बाजूला, रेलचा दुसरीकडे, बूस्टचा वर मॅनिफोल्डवर. तीन वेगळ्या जागचे, तीन वेगळ्या कामांचे सेन्सर एकाच मिनिटाला, एकाच पद्धतीने मरत नाहीत. तिघांमध्ये सामायिक काय आहे ते शोधायचं. तुमच्याकडे तर शोधायचीही गरज नाही, चौथा कोड तेच ओरडून सांगतोय. ३५०९ म्हणजे सेन्सर सप्लाय १.

हा सप्लाय म्हणजे काय ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. मशीन २४ व्होल्टची, पण प्रेशरच्या सेन्सरांना २४ व्होल्ट चालत नाहीत. ईसीएम आतून मोजून मापून ५ व्होल्ट तयार करतं आणि एका वायरीने ते तीन-चार सेन्सरांना वाटतं. प्रत्येक सेन्सर त्या पाचातले काही व्होल्ट परत पाठवतो: प्रेशर शून्य असेल तर साधारण अर्धा, भरपूर असेल तर साडेचारपर्यंत. ईसीएम त्यावरून प्रेशर ओळखतं. अर्ध्या व्होल्टच्याही बरंच खाली सिग्नल गेला तर ते म्हणतं, एवढं कमी असूच शकत नाही, काहीतरी गडबड आहे. मग ४ चा कोड येतो.

इंदूरच्या कोणत्याही बिल्डिंगमध्ये राहिलेल्याला हे पटकन कळेल. नर्मदेचं पाणी येण्याचा दिवस, एकच पाइप चारही मजल्यांना. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी बाथरूममध्ये पाइप फुटला की चारही मजल्यांवर "पाणी नाही" अशी ओरड होते. आता प्रत्येक मजल्यावर जाऊन नवीन नळ बसवला तर पाणी येईल का? तुमचे दोन नवे सेन्सर हे ते दोन नवे नळ आहेत. पाच व्होल्टच्या त्या सामायिक वायरीला कुठेतरी गळती आहे. एक तर कुठला तरी सेन्सर आतून शॉर्ट झालाय, नाहीतर वायर घासून लोखंडाला टेकलीये. ईसीएमच खराब असण्याचीही शक्यता आहे, पण ती शेवटची. माझ्या अनुभवात ती शंभरात एखाद-दुसऱ्या वेळी खरी ठरते.

कामाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी. स्क्रीनवरचे सगळे कोड मोबाइलवर फोटो काढून ठेवा, चालू असलेले वेगळे आणि जुने नोंदलेले वेगळे, प्रत्येकासमोर किती वेळा आला तो आकडा आणि मीटरचे तास दिसतील असे. कोड आधी पुसून टाकणारा मेकॅनिक मला चोरीच्या जागेवर पोछा मारणाऱ्यासारखा वाटतो. दुसरं, बॅटऱ्या. बंद मशीनवर दोन्ही मिळून २५ व्होल्टच्या आसपास हवेत, चालू इंजिनावर साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस. शिवाय दोन्ही वेगवेगळ्या मोजा. ऑपरेटरने केबिनमधल्या टेपसाठी आणि मोबाइलच्या चार्जरसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढलेले असतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता विचारतही नाही, थेट टोपण उघडून बघतो. अशाने एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि सेल्फ मारताना व्होल्ट इतके पडतात की कंट्रोलर वाट्टेल ते कोड टाकतात. तुमच्या बाबतीत ते कारण वाटत नाही, पण दोन मिनिटांचं काम आहे.

मग खरी तपासणी. किल्ली ऑन, इंजिन बंद. बूस्ट सेन्सरचा कपलर काढा, कारण तो सहसा वर, हाताला सापडणारा असतो. त्याला तीन किंवा चार वायरी असतील, तापमानही तोच मोजत असेल तर चार. नकाशावरून सप्लायची आणि अर्थची पिन ओळखा आणि त्या दोघींमध्ये मीटर लावा. पावणेपाच ते सव्वापाच व्होल्ट आले तर सप्लाय ठीक. मला वाटतं तुम्हाला एक-दीड व्होल्ट दिसतील, कदाचित शून्य.

मीटर तसंच लावून ठेवा आणि हेल्परला सांगा, त्या सप्लायवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढ. ऑइलचा, रेलचा, नकाशात आणखी जे असतील ते. एक काढला की मीटर बघायचं. नुसता कपलर काढायचा बरं का, सेन्सर खोलायचा नाही, आणि रेलच्या पाइपांना तर पाना लावायचाच नाही. तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, तेवढ्या जोरात निघालेलं डिझेल कातडी फाडून आत शिरतं. ज्या क्षणी मीटर उडी मारून पाचावर येईल, त्या क्षणी शेवटी काढलेला सेन्सर किंवा त्याच्याकडे जाणारी वायरीची शाखा गुन्हेगार. काही ईसीएम शॉर्ट दिसला की सप्लाय बंद करून बसतात आणि किल्ली ऑफ-ऑन केल्याशिवाय परत देत नाहीत. म्हणून प्रत्येक वेळी किल्ली एकदा फिरवून घ्या, नाहीतर खरा चोर हातातून सुटेल.

इथे मी कोडकडे बघत नाही, व्होल्टकडे बघतो. कपलर काढल्यावर कोड ४ चा ३ होईल की ४ च राहील, हे तीन वायरींच्या सेन्सरांत ईसीएमच्या आतल्या जोडणीवर ठरतं, त्यावर विसंबता येत नाही. दोन वायरींच्या तापमानाच्या सेन्सरांत मात्र ही युक्ती हुकमी आहे. ११०-४ आला असेल तर कपलर काढा. कोड ११०-३ झाला तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, सेन्सर शॉर्ट. ४ च राहिला तर वायर. उलट ११०-३ आला असेल तर कपलरच्या दोन पिना वायरीच्या तुकड्याने जोडा. ४ झाला तर वायरिंग नीट, सेन्सर तुटलेला. एक रुपया खर्च न करता निकाल.

गेल्या पावसाळ्याच्या आधी राऊच्या पुढे एका साइटवर असंच झालं होतं, फक्त तिथे तीनच कोड होते. मालकाने माझ्या आधी दोघांना दाखवलं होतं आणि एक ईसीएम बसवूनही पाहिलं होतं. दुपारी एकची वेळ, बोनेटवर हात ठेववत नव्हता. मीटरवर ०.८. ऑइलचा कपलर काढला, ०.८. रेलचा काढला, ०.८. बूस्टचा तर आधीच काढलेला. सगळे सेन्सर निघाले तरी सप्लाय पडलेलाच, म्हणजे सेन्सर सगळे निर्दोष, वायर दोषी. मग हेल्परला मीटरकडे बघत बसवलं आणि मी इंजिनावरचं हार्नेस, म्हणजे नळीत बांधलेला वायरींचा जुडगा, बोटांनी चेपत, थोडं थोडं हलवत मागे सरकत गेलो. फ्लायव्हील हाउसिंगच्या वर एक ब्रॅकेट आहे, तिथे हार्नेस वळतं. तिथे हात लावला आणि हेल्पर ओरडला, "पाँच हो गया, पाँच!" सोडलं, पुन्हा ०.८. नळी चिरून आत पाहिलं तर एका वायरीच्या अंगावर मोहरीएवढं तांबं चमकत होतं आणि ब्रॅकेटच्या कडेला तेवढाच काळा डाग. बस्स, एवढंच. सोल्डर, श्रिंक ट्यूब, वरून नवी नळी, आणि ब्रॅकेटच्या कडेला रबराची पट्टी. अर्ध्या तासाचं काम.

तिथेच का घासली? त्या मशीनला दोन महिने बकेटच्या जागी दगड फोडायचा ब्रेकर लावलेला होता. आपल्याकडे माळव्यात वर काळी माती आणि खाली काळा बसाल्ट. चार-पाच फूट बकेट लोण्यासारखी जाते, मग दगड लागतो आणि ब्रेकर चढतो. ब्रेकरचे हादरे हार्नेसला रोज आठ तास रंध्यासारखे घासतात. म्हणून तुम्हालाही विचारतो: कोड येण्याच्या आधी ब्रेकरचं काम झालं होतं का? झालं असेल तर जिथे जिथे हार्नेस लोखंडाच्या कडेवरून वळतं किंवा क्लिप तुटून लोंबतं, तिथे आधी बघा. मशीन शेताच्या कडेला उभी राहत असेल तर उंदीरही आहेत. बॅटरीच्या पेटीत आणि सीटच्या खाली त्यांची घरं असतात.

सगळे सेन्सर काढून आणि सगळं हार्नेस हलवूनही पाच येत नसेल तरच ईसीएमकडे वळा. किल्ली ऑफ, दोन-तीन मिनिटं थांबा, कारण ईसीएम लगेच झोपत नाही, मग बॅटरीचा अर्थ काढा आणि ईसीएमचा कपलर खोला. सप्लायच्या वायरीचा अर्थशी ओहममध्ये संबंध बघा, सेन्सर सगळे काढलेलेच ठेवून. काही ओहमच दाखवलं तर वायर शॉर्ट आहे, शोध चालू ठेवा. संबंधच नसेल तर त्या सप्लायची एकच पिन कपलरातून बाहेर काढा, बाकी सगळं जोडा, आणि ईसीएम स्वतः त्या पिनेवर पाच व्होल्ट देतं का ते पाहा. बाहेर काहीही जोडलेलं नसताना, बॅटरीचा करंट आणि अर्थ ईसीएमपर्यंत नीट पोचत असताना, तरीही पाच आले नाहीत, तर ईसीएम गेलं असं मीही म्हणेन. तुमच्या मेकॅनिकला एवढंच विचारा की हे त्याने केलं का. उगाच भांडू नका, चांगल्या भाषेत विचारा. धंद्यातली बरीच पोरं इंजिनात तरबेज आहेत, मीटर त्यांना कुणी शिकवलाच नाही.

मीटरच्या बाबतीत माझेही गुन्हे आहेत. सुरुवातीच्या दिवसांत मी मीटरची जाड सुई थेट कपलरच्या मादी पिनेत खुपसायचो. पिन रुंदावते, पुन्हा कपलर लावल्यावर नर पिनेला पकड बसत नाही, आणि आठवड्याने नवीनच कोड येतो, एफएमआय २ चा. एका मशीनवर मीच केलेला बिघाड शोधायला मी दोन दिवस घालवले आणि पैसे मागायची लाज वाटली. तेव्हापासून डब्यात शिवणकामाच्या बारीक सुया ठेवतो. कपलरच्या मागून, वायर जिथे आत जाते त्या रबराच्या कडेने सुई अलगद सरकवायची आणि मीटर सुईला लावायचं. वायरीचं आवरण भोसकायचं नाही, तिथून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं.

दुसरी फसवणूक मीटर स्वतः करतं. वायर तुटलीये का हे बघायला बीप लावतात. वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतं, कारण ते नावापुरताच करंट सोडतं. सेन्सरच्या सिग्नलला त्याने फारसा फरक पडत नाही, पण ईसीएमच्या मुख्य सप्लायच्या आणि अर्थच्या वायरीला पडतो. तिथे मी दोन्ही टोकं सोडवून त्या वायरीतून २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब पेटवतो. बल्ब लख्ख पेटला तर वायर खरी. मंद पेटला तर बीप कितीही वाजो, ती वायर बदलायची.

वेल्डिंगचंही विचारून घेतो, कारण जुन्या मशीनला बकेटचे दात आणि बॉडीचे तडे वेल्ड करणं आलंच. तुमच्याकडे कोड येण्याच्या आदल्या दिवशी वेल्डिंग झालं असेल तर ते जरूर कळवा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचा अर्थ काढायचा, ईसीएम आणि इतर कंट्रोलरचे कपलर खोलायचे, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथे वेल्ड करायचं त्याच्या अगदी जवळ लावायचा. तो ट्रॅकला लावून बूमच्या टोकाला वेल्ड केलं तर करंट वाटेतल्या बेअरिंगांतून आणि वायरींतून रस्ता शोधतो. ईसीएम खरोखर मेलेलं मी जे पाहिलंय, त्यातली बहुतेक मरणं याच पद्धतीची होती. त्याखालोखाल प्रेशर वॉशरने थेट ईसीएमच्या कपलरवर पाणी मारणं.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर माझं वाचून तुम्ही प्रत्येक कोडला वायर शोधत बसाल. चार-पाच वर्षांपूर्वी खंडवा रोडवर, भेरूघाटाच्या कामावर एका मशीनला १५७-१८ येत होता, रेलचं प्रेशर कमी. तोवर मी वायरींचा इतका भक्त झालो होतो की अर्धा दिवस हार्नेस चेपण्यात गेला. १८ म्हणजे मोजलेली गोष्टच कमी आहे, हे मी दुसऱ्यांना शिकवतो आणि स्वतः विसरलो. संध्याकाळी ऑपरेटरनेच सांगितलं की डिझेल फिल्टर परवा बदलला आणि तेव्हापासून सकाळी सेल्फ जास्त घ्यावा लागतो. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या पाइपवर एक क्लिप ढिली होती, तिथून हवा ओढली जात होती. पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये लावला तर डिझेलबरोबर बुडबुडे पळताना दिसले. सेन्सर बिचारा खरं बोलत होता. तेव्हा तुमच्या यादीत ४ च्या ऐवजी १८ असता तर हे सगळं उत्तर वेगळं झालं असतं.

बाजारातल्या स्वस्त कोड रीडरबद्दलही तुम्ही विचारलंय. नऊ पिनांच्या गोल सॉकेटला लागणारा घेतलात तर इंजिनाचे कोड वाचेल, तुमच्या कामाला पुरेल. हायड्रॉलिक पंपाचा कंट्रोलर मात्र बऱ्याच कंपन्यांत स्वतःच्याच भाषेत बोलतो, ते त्या रीडरला कळत नाही. ते कोड मशीनच्या स्क्रीनवरच्या सर्व्हिस मेनूमधूनच वाचावे लागतात. आणि त्याच सॉकेटचा एक फुकट उपयोग: बॅटरी बंद करून सी आणि डी या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या जवळ यायला हवेत, कारण कॅन लाइनच्या, म्हणजे कंट्रोलर ज्यावरून आपसात बोलतात त्या दोन वायरींच्या, दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना टेकल्यात. तुमच्या कोडांत कॅनची तक्रार नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

तर तुमच्यापुरता क्रम असा: फोटो, बॅटऱ्या, बूस्टच्या कपलरवर पाच व्होल्ट, एकेक सेन्सर काढणं, मग हार्नेस हलवणं, आणि सगळ्यांत शेवटी ईसीएमची पिन. पहिले चार टप्पे तुम्ही आणि ऑपरेटर मिळून एका सकाळी करू शकाल, साधं मीटर इंदूरच्या सियागंज बाजारात कुठेही मिळतं. हार्नेस चिरायची वेळ आली तर मात्र जाणता माणूस बोलवा. सप्लायवर किती व्होल्ट आले, कोणता कपलर काढल्यावर वाढले, आणि इंजिनाच्या प्लेटचा फोटो एवढं कळवलंत तर मी पुढचं सांगेन. तोवर नव्या ईसीएमची ऑर्डर थांबवा. ते दुसऱ्या मशीनचं असेल तर त्यात तुमच्या इंजिनाचा डेटा भरून घ्यावा लागतो, आणि एकदा बसवलेलं दुकानदार परत घेत नाही.

मशीन तोवर चालवायची का, असं काकांनी विचारलंय. १४०० वर ती चालेल, पण ऑइल प्रेशरचा सेन्सर आंधळा असताना खरोखर ऑइल कमी झालं तर बजर वाजणार नाही. चालवायचीच असेल तर मेकॅनिकल गेज टी-जॉइंटने कायमचं लावून घ्या आणि ऑपरेटरला दर तासाला बघायला सांगा. मी असतो तर उभी ठेवली असती.

आणि ते बदललेले दोन जुने सेन्सर मेकॅनिककडून परत मागून घ्या. बहुधा दोन्ही चांगले आहेत. पुसून, पिनांवर टोपी लावून, चिठ्ठी चिकटवून टूलबॉक्समध्ये ठेवा. पुढच्या वेळी यांतल्याच एखाद्याचा कोड आला तर हे लावून पाहायला कामाला येतील.